कुलपांची शाळा

आमच्या गल्लीत मास्तर दोन. एक मी, शाळामास्तर. आणि दुसरे समोरच्या घरातले पोस्टमास्तर. ते मला ‘मास्तर’ म्हणतात, मी त्यांना ‘मास्तर’ म्हणतो, आणि संध्याकाळी ओट्यावर आमचे बोलणे रंगले म्हणजे कोण कोणाला हाक मारतो आहे हे घरातल्या माणसांनाही उमगत नाही. पोस्टमास्तर आता निवृत्त झाले आहेत. पण पत्राविषयीचे त्यांचे सोवळे काही सुटलेले नाही. दुसऱ्याचे पत्र उघडणे हे त्यांच्या लेखी दुसऱ्याच्या ताटातला घास उचलण्याहून वाईट. साऱ्या नोकरीत एक पाकीटसुद्धा आपण उजेडाकडे धरून पाहिले नाही, असे ते सांगतात, आणि त्यांच्याकडे पाहिले की ते खरे वाटते.

या पोस्टमास्तरांचे धाकटे चिरंजीव इंजिनिअर झाले आणि पुढच्या पदवीसाठी मोठ्या शहरात गेले. विषय घेतला तो संगणकांची जाळी आणि त्यांची सुरक्षितता हा. गेल्या दिवाळीत मुलगा घरी आला, तेव्हा फराळाच्या ताटावर वडिलांनी विचारले, ‘‘काय रे, तिथे शिकवतात तरी काय?’’ मुलगा सरळ स्वभावाचा. तो म्हणाला, ‘‘पहिल्या सहामाहीत फोडायला शिकवतात बाबा, दुसऱ्या सहामाहीत राखायला.’’ पोस्टमास्तरांच्या हातातली चकली हातातच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते माझ्याकडे आले. अंगाला उटण्याचा वास होता, पण चेहरा उतरलेला. ‘‘मास्तर,’’ ते म्हणाले, ‘‘दीड लाख रुपये भरून मी पोराला घरफोडी शिकायला पाठवले की काय हो?’’

मला त्या दिवशी उत्तर देता आले नाही. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. मुलांना मराठी आणि इतिहास शिकवावा, सुट्टीत कादंबरी लिहावी, एवढाच माझा व्याप. पण गप्प बसण्याचे कारण तेवढेच नव्हते. हाच मुलगा सातवीत माझ्या वर्गात होता. शाळेच्या कचेरीत तेव्हा एकच संगणक होता, आणि त्याचा परवलीचा शब्द या पठ्ठ्याने मधल्या सुट्टीत ओळखून काढला. शब्द होता शाळेचेच नाव, उलटे लिहिलेले. त्याने काही बिघडवले नाही, कोणाचे गुण बदलले नाहीत. नुसते उघडून दाखवले आणि सगळ्यांना सांगत सुटला. मी त्याला आठ दिवस वर्गाबाहेर उभे केले आणि प्रगतिपुस्तकात शेरा लिहिला : ‘‘चौकस आहे, पण विश्वासास पात्र नाही.’’ त्या शेऱ्यावर सही करताना पोस्टमास्तरांचा हात कापला होता, असे त्यांच्या घरून मला पुष्कळ दिवसांनी कळले.

म्हणून गेले वर्षभर मी या विषयाचा इतिहास जमेल तसा वाचला. मुलानेच पुस्तके सुचवली, कागद पाठवले, जिथे अडलो तिथे समजावून सांगितले. त्यातले जे मला कळले ते इथे मांडतो. तांत्रिक भागात कुठे घसरलो असेन तर जाणत्यांनी सांभाळून घ्यावे.

पहिली गोष्ट मला कळली ती ही, की हे जाळे मुळी विद्यार्थ्यांनीच विणले. पैसा अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या ‘आर्पा’ या शाखेचा, देखरेख प्राध्यापकांची. पण दूरदूरच्या संगणकांनी एकमेकांशी बोलायचे कसे याचे नियम लिहिण्याचे काम येऊन पडले ते पदवीनंतरचे शिक्षण घेणाऱ्या पंचविशीतल्या पोरांवर. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातला स्टीव्ह क्रॉकर हा त्यांच्यातलाच एक. आपण विद्यार्थी, उद्या कोणी बडे अधिकारी येतील आणि ‘तुम्हाला हा अधिकार कोणी दिला?’ म्हणून विचारतील, अशी त्यांना धास्ती. म्हणून त्यांनी आपल्या नियमांना नियम म्हटलेच नाही. ‘मते मागवण्यासाठी’ अशा अर्थाचे बिचारे, नम्र नाव दिले. पहिला कागद ७ एप्रिल १९६९ चा. क्रॉकर तेव्हा मित्रांकडे उतरला होता. त्यांची झोप मोडू नये म्हणून तो रात्री न्हाणीघरात बसून लिहीत असे. आजही जाळ्याचे नियम त्याच नम्र नावाने निघतात, आणि त्यांचे क्रमांक आता हजारांत गेले आहेत.

त्याच वर्षी २९ ऑक्टोबरच्या रात्री साडेदहाच्या सुमारास चार्ली क्लाइन या विद्यार्थ्याने लॉस एंजेलिसहून साडेतीनशे मैलांवरच्या स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेतील संगणकाला पहिला निरोप धाडला. शब्द होता ‘लॉगिन’. इंग्रजीतली पहिली दोन अक्षरे पोचली आणि तिसऱ्याला पलीकडचे यंत्र कोसळले. तासाभराने पुन्हा प्रयत्न केला तेव्हा सगळा शब्द गेला. तेव्हा जाळ्यात ठिकाणे दोन; वर्षअखेर चार झाली. आता सांगा, चार घरांच्या वाडीत कुलूप कोण लावतो? सारे एकमेकांना नावाने ओळखणारे. दारे उघडी ठेवायची हीच तिथली रीत पडली, आणि वाडीचे शहर झाले तरी रीत तीच राहिली. पुढे जे घडले त्याचे मूळ मला इथे दिसते.

कुलपांची गोष्टही विद्यार्थ्यांपासूनच सुरू होते, आणि ती सांगताना मला थोडी लाज वाटते. १९७४ साली बर्कलीच्या विद्यापीठात राल्फ मर्कल नावाचा एक मुलगा संगणकांच्या सुरक्षिततेचा वर्ग करीत होता. त्याने शिक्षकांपुढे एक कल्पना मांडली. दोन माणसे कधी भेटलेली नाहीत, त्यांच्यात आधी काही गुपित ठरलेले नाही, आणि त्यांचे सगळे बोलणे चोर ऐकतो आहे. अशा स्थितीत त्यांना आपसात गुप्त किल्ली ठरवता येईल का? साऱ्या जगाचे उत्तर होते, नाही. आधी कोणीतरी किल्ली हातोहात पोचवलीच पाहिजे. मर्कल म्हणाला, येईल.

त्याची युक्ती दिवाळी अंकाच्या वाचकांना चटकन कळण्यासारखी आहे. समजा, मी लाखभर सोपी शब्दकोडी केली. प्रत्येक कोड्याच्या पोटात एक क्रमांक आणि एक किल्ली लपवली, आणि ती सगळी चव्हाट्यावर टाकून दिली. तुम्ही त्यातले कोणतेही एक उचलायचे, तासभर बसून सोडवायचे आणि आतला क्रमांक मला ओरडून सांगायचा. माझ्याजवळ यादी आहेच. त्या क्रमांकाची किल्ली कोणती हे मला कळले. तुमच्याजवळही तीच किल्ली आहे. चोराने क्रमांक ऐकला, पण तो कोणत्या कोड्यात होता हे त्याला कुठे ठाऊक? त्याला कोड्यांमागून कोडी सोडवत बसले पाहिजे. सरासरी पन्नास हजार. आपल्याला एक तास, त्याला पन्नास हजार तास. झाले!

शिक्षकांना ते पटले नाही. त्याने दिलेला दुसरा विषय बरा आहे, असे त्यांनी सुचवले. मर्कलने वर्गच सोडला, पण कल्पना सोडली नाही. लेख लिहून १९७५ साली एका प्रतिष्ठित नियतकालिकाकडे पाठवला, तोही आधी नाकारला गेला आणि छापून आला १९७८ साली. मी ज्या शिक्षकाच्या जातीचा आहे त्या जातीचे हे कर्तृत्व. वहीच्या समासात ‘विषयाला सोडून’ असे लाल शाईने मी किती वेळा लिहिले असेल, आणि त्यांपैकी किती वेळा ते खरे होते, याचा हिशेब आता कोण देणार?

तोवर स्टॅनफर्डमध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन हे दोघे त्याच वाटेने निघाले होते. त्यांचा प्रसिद्ध लेख नोव्हेंबर १९७६ मध्ये निघाला. टपालपेटीत पत्र कोणीही टाकावे, उघडावी मात्र किल्लीवाल्यानेच, असे कुलूप गणितात करता येईल, हे त्यांनी जगाला सांगितले. मर्कल मग हेलमनचाच विद्यार्थी झाला, आणि या शोधाला आपल्या दोघांबरोबर मर्कलचेही नाव द्यावे असे हेलमन पुढे सांगत राहिला. हे त्याच्या मोठेपणाचे. आज बँकेचा व्यवहार करताना तुमच्या फोनच्या पडद्यावर जे चिमुकले कुलूप दिसते, ते याच घराण्यातले.

पण त्या वेळी गुप्तलेखन हा सरकारचा खास मुलूख होता. अमेरिकेचे जे गुप्तचर खाते हे काम पाहते, तिथल्या एका नोकराने १९७७ साली इंजिनिअरांच्या संस्थेला पत्र लिहिले : असले लेख उघड छापणे आणि परदेशी माणसांसमोर वाचणे हे शस्त्रांच्या निर्यातीवरचे निर्बंध मोडण्यासारखे होईल. गणिताचा कागद म्हणजे तोफेचा गोळा! त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इथाका या गावी, कॉर्नेल विद्यापीठात परिषद भरायची होती, आणि हेलमनचे दोन विद्यार्थी, मर्कल आणि स्टीव्ह पोलिग, तिथे आपले निबंध वाचणार होते. विद्यापीठाच्या वकिलाने सल्ला दिला, की खटला झालाच तर प्राध्यापकामागे विद्यापीठ उभे राहू शकेल, विद्यार्थ्यांचे मात्र कठीण आहे. तेव्हा हेलमनने दोन्ही निबंध स्वतः वाचले, आणि दोन्ही मुले व्यासपीठावर त्याच्या शेजारी नुसती उभी राहिली. काम कोणाचे हे सगळ्यांना दिसावे, आणि शब्द मात्र गुरूच्या तोंडून निघावेत. खटला काही झाला नाही. इतिहासाच्या पुस्तकात लढायांची चित्रे पुष्कळ असतात. मला कोणी चित्र काढून देणार असेल तर हे एक हवे आहे.

इथाका गावाचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण अकरा वर्षांनी आपल्याला तिथेच परत यायचे आहे.

त्याआधी एका बापाची ओळख करून देतो. रॉबर्ट मॉरिस हा बेल लॅबोरेटरीज या नामांकित प्रयोगशाळेतला गुप्तलेखनाचा जाणकार. तिथे ‘युनिक्स’ नावाची यंत्रणा तयार झाली, आणि त्या यंत्रणेत लोकांचे परवलीचे शब्द ओळखू न येतील अशा रूपात साठवण्याची रीत या मॉरिसची. १९७९ साली त्याने केन थॉम्पसनबरोबर एक निबंध लिहिला. लोक परवलीचे शब्द निवडतात तरी कसे, हे पाहायला त्यांनी ३,२८९ शब्द गोळा केले. त्यांतले पंधरा शब्द एकेका अक्षराचे होते! बहात्तर दोन-दोन अक्षरांचे. पुष्कळसे कोशात जसेच्या तसे सापडले. हिशेब केला तेव्हा २,८३१ शब्द, म्हणजे शेकडा शहाऐंशी, थोड्या खटपटीने ओळखता येण्यासारखे निघाले. कुलूप कितीही भक्कम असो, लोक किल्ली पायपुसण्याखाली ठेवतात, असा त्याचा अर्थ. १९८६ मध्ये मॉरिस प्रयोगशाळा सोडून त्या गुप्तचर खात्यात गेला आणि संगणकांच्या सुरक्षिततेच्या सरकारी केंद्राचा मुख्य शास्त्रज्ञ झाला.

त्याला एक मुलगा होता. नाव बापाचेच, मधले नाव टॅपन. अशा घरात वाढलेला मुलगा कसा निघावा? एकोणिसाव्या वर्षी, १९८५ मध्ये, एक यंत्र दुसऱ्या यंत्राचे सोंग कसे घेऊ शकेल हे दाखवणारा निबंध त्याने बेल लॅबोरेटरीजमध्येच लिहून ठेवला. हार्वर्डची पदवी घेऊन १९८८ च्या शरदात तो पुढच्या शिक्षणासाठी कॉर्नेलला आला. इथाका गाव लहान, सरोवराकाठचे. मुलगा बुजरा, अबोल, असे त्याला ओळखणारे सांगत. तिथे आल्यावर दोनतीन महिन्यांच्या आत त्याने एक आज्ञावली लिहिली. ती एका यंत्रातून दुसऱ्यात आपोआप जाई, तिथे आपली दुसरी प्रत करी आणि पुढे सरके. असल्या आज्ञावलीला त्या शास्त्रात ‘किडा’ म्हणतात. पुष्कळ यंत्रांत गुपचूप पसरायचे आणि कोणाच्या लक्षात यायचे नाही, एवढाच तिचा हेतू होता. चोरायचे काही नव्हते, पुसायचे काही नव्हते.

किडा शिरत होता चार वाटांनी. पोस्टमास्तरांना समजावताना मला त्यांच्याच कचेरीचा फार उपयोग झाला. पहिली वाट खुद्द टपालाची : संगणकी पत्रे वाहणाऱ्या आज्ञावलीत तिच्या कर्त्याने तपासणीसाठी एक मागचे दार ठेवले होते आणि ते पुष्कळ ठिकाणी उघडेच राहिले होते. दुसरी वाट गमतीची. ‘अमुक माणूस आत आहे का?’ एवढेच सांगणारी एक छोटी सेवा असे. तिच्या अर्जात ५१२ अक्षरांची जागा. किडा ५३६ अक्षरे पाठवी. मनीऑर्डरच्या फॉर्मवर तुम्ही मजकूर इतका लांबवलात, की तो चौकट ओलांडून ‘कचेरीच्या उपयोगासाठी’ या रकान्यात गेला, आणि आतल्या कारकुनाने तो साहेबांचा हुकूम समजून पाळला, असा तो प्रकार! तिसरी वाट शेजारधर्माची : एका यंत्राचा दुसऱ्यावर विश्वास असे, तेव्हा एकात शिरलेला दुसऱ्यात न विचारता जाई. आणि चौथी वाट परवलीच्या शब्दांची. माणसाचे नाव, तेच नाव दोनदा, तेच नाव उलटे. मग ४३२ शब्दांची एक यादी. आणि तेवढ्याने भागले नाही तर यंत्रातला सगळा शब्दकोश. नाव उलटे! ते वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. बापाने नऊ वर्षांपूर्वी जी उणीव जगाला सांगितली, त्याच उणिवेच्या भोकातून मुलाचा किडा शिरत होता.

२ नोव्हेंबर १९८८, बुधवार. आपल्याकडे त्या वर्षीची दिवाळी आठवड्यावर आली होती. संध्याकाळी मुलाने इथाकाहून तारेवरून मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीतले एक यंत्र गाठले आणि किडा तिथून सोडला. इथाकाचे नाव येऊ नये म्हणून. खोडकर मुलगा दुसऱ्याच्या बाकावरून खडू मारतो तसे.

चूक झाली ती हिशेबात. आपला भाऊ आधीच या यंत्रात आहे का, असे किडा शिरताना विचारी, आणि असेल तर माघार घेई. पण मुलाला वाटले, पहारेकरी हुशार असले तर खोटेच ‘आहे’ म्हणतील आणि किडा मरेल. म्हणून त्याने असे केले, की सात वेळांतून एकदा ‘आहे’ असे उत्तर आले तरी किड्याने राहायचेच. सातात एक म्हणजे फार नाही, असे आपल्यालाही वाटेल. पण यंत्रे एकमेकांना क्षणोक्षणी विचारीत होती. पाहता पाहता एकेका यंत्रात किड्यांची रास पडली आणि यंत्रे त्या भाराने बसू लागली. ज्याने आयुष्यात एकदा तरी चक्रवाढ व्याजाने कर्ज घेतले आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

मध्यरात्रीपर्यंत मुलाच्या ध्यानात आले, की गोष्ट हाताबाहेर गेली. त्याने हार्वर्डच्या मित्राला फोन केला. मित्राने पहाटे साडेतीनच्या सुमारास जाळ्यावर निनावी निरोप लावला : असा असा किडा सुटला आहे, तो थांबवायचे उपाय हे, आणि क्षमा असावी. पण किड्यानेच वाटा अडवल्या होत्या, आणि पुष्कळ कचेऱ्यांनी भीतीने आपली तार काढून ठेवली होती. निरोप वेळेवर पोचलाच नाही. पोस्टमास्तरांनी इथे ‘‘अरेरे!’’ म्हटले. उशिरा पोचलेल्या पत्राचे दुःख त्यांना विशेष कळते.

बर्कली, एमआयटी, पर्ड्यू येथले लोक, त्यांत विद्यार्थी पुष्कळ, दोन रात्री जागले. किडा उकलून, एकेक अवयव वेगळा करून त्यांनी पाहिला आणि दारे बंद करण्याचे उपाय शोधले. किती यंत्रे बाधली? सहा हजार, असा आकडा सगळीकडे छापला जातो. जाळ्यात साठ हजार यंत्रे असावीत आणि शेकडा दहा बाधली असावीत, या अंदाजावर बांधलेला तो हिशेब. एकेका ठिकाणी निस्तरायला दोनशे डॉलरपासून त्रेपन्न हजारांहून अधिक खर्च आला, असे पुढे न्यायालयाने नमूद केले. या गोंधळाची झळ इकडे लागली नाही. पवईची आयआयटी आणि जुहूची राष्ट्रीय सॉफ्टवेअर संस्था यांच्यात संगणकी टपाल चालू झाले होते खरे, पण अमेरिकेच्या त्या जाळ्याशी आपला थेट सांधाच नव्हता.

नाव बाहेर आले ते मित्राच्या जिभेमुळे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या बातमीदाराशी फोनवर बोलताना एक मित्र नाव घ्यायचे टाळत होता, पण बोलण्याच्या भरात आद्याक्षरे निसटली. बातमीदाराने ती जाळ्यावरच शोधली. ५ नोव्हेंबरला सगळ्या देशाने वाचले, की किडा सोडणारा मुलगा हा सरकारच्या संगणक-सुरक्षेच्या मुख्य शास्त्रज्ञाचा चिरंजीव आहे. तीन दिवसांनी मुलाला तेविसावे लागले. तो वाढदिवस त्या घरात कसा गेला असेल?

विद्यापीठाने चौकशी केली. कृत्य पोरकट होते, परिणामांचा विचार न करता केलेले होते, आणि ते त्याने एकट्याने केले, असा निष्कर्ष १९८९ च्या सुरुवातीला निघाला. मुलाचे नाव विद्यापीठातून स्थगित झाले. मग खटला. १९८६ चा एक नवा कायदा होता. ज्युरीपुढे त्याखाली उभा राहणारा हा पहिलाच आरोपी, असे म्हणतात. सिराक्यूज गावी जानेवारी १९९० मध्ये खटला चालला. मुलाने पिंजऱ्यात उभे राहून सांगितले, किडा मीच सोडला, नुकसान करायचे माझ्या मनात नव्हते.

आता इथे व्याकरणाची गंमत आहे, आणि मराठीच्या मास्तराला ती सोडवत नाही. ‘जो कोणी जाणूनबुजून परवानगीविना आत शिरेल आणि नुकसान करील’ अशा धर्तीचे ते कलम. ‘जाणूनबुजून’ हे क्रियाविशेषण कोणत्या क्रियापदाचे? शिरण्याचेच, की नुकसान करण्याचेही? वकील म्हणाले, दोन्हींचे. आणि नुकसान तर मुलाने जाणून केले नाही. न्यायालय म्हणाले, शिरण्याचे, तेवढे पुरे. १९९१ मध्ये वरच्या न्यायालयानेही तोच अर्थ कायम केला. ज्युरीने २२ जानेवारी १९९० ला दोषी ठरवले, आणि मे महिन्यात शिक्षा झाली. पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. न्यायाधीशांनी कैद दिली नाही. तीन वर्षे देखरेखीखाली राहायचे, चारशे तास लोकसेवा करायची, आणि दहा हजार पन्नास डॉलर भरायचे. पुष्कळांना ही शिक्षा फार वाटली, पुष्कळांना फार थोडी. माझे मत विचाराल तर आठ दिवस वर्गाबाहेर उभे करण्यापेक्षा त्या न्यायाधीशांनी अधिक विचार केला होता.

किड्याने आणखी एक केले. वाडीचे शहर झाले आहे हे एका रात्रीत सर्वांना कळले. त्याच महिन्यात पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात असल्या संकटांत धावून जाणारे पथक स्थापन झाले; आपल्याकडे तसे राष्ट्रीय पथक २००४ पासून काम करू लागले. पर्ड्यूमध्ये ज्या प्राध्यापकाने किड्याची चिरफाड करून निबंध लिहिला, त्या यूजीन स्पॅफर्डने या विषयाची प्रयोगशाळाच उभारली. इंग्लंडात लंडनजवळच्या रॉयल हॉलोवे या महाविद्यालयात १९९२ मध्ये या विषयाची स्वतंत्र पदव्युत्तर पदवी सुरू झाली, जगातल्या अगदी पहिल्यांपैकी. आमच्या गल्लीतल्या मुलाचा अभ्यासक्रम त्याच वेलीवरचा. आणि त्यात पहिल्या सहामाहीत फोडायला का शिकवतात, हे मला त्या ५१२ अक्षरांच्या चौकटीने सांगितले. ती चौकट वर्षानुवर्षे हजारो शहाण्या माणसांच्या डोळ्यांखालून गेली होती. ती ओलांडून पाहावी असे ज्यांच्या मनात आले नाही, त्यांना तिथे भोक आहे हेच दिसले नाही.

मुलाचे पुढे काय झाले? कॉर्नेलची पदवी काही त्याला मिळाली नाही. हार्वर्डला परत जाऊन १९९९ साली त्याने डॉक्टरेट पुरी केली, आणि त्याच वर्षापासून तो शिकवू लागला. कुठे? एमआयटीत. ज्यांच्या यंत्राच्या आडून किडा सोडला, त्यांच्याच दारी! २००६ मध्ये त्याला तिथे कायमचे केले गेले. त्याने सहकाऱ्यांबरोबर विद्यार्थ्यांसाठी एक छोटी यंत्रणा लिहिली आहे. मोठ्या यंत्रणांच्या पोटात काय चालते ते मुलांना उघडून पाहता यावे, म्हणून. ती जगभर शिकवायला वापरतात, पवईलाही वापरतात. आमच्या पोस्टमास्तरांचा मुलगा तिच्यावरच शिकला. मॉरिस हे नाव त्याला आधी पाठ्यपुस्तकाचा कर्ता म्हणून माहीत होते, किड्याचे पुष्कळ नंतर कळले. किड्याची मूळ आज्ञावली असलेली एक काळी चकती कॅलिफोर्नियातल्या संगणकांच्या संग्रहालयात काचेआड ठेवली आहे.

या वर्षी दिवाळीच्या तोंडावर एका संध्याकाळी मी हे सगळे पोस्टमास्तरांना सांगितले. घरात करंज्यांचे काम चालले होते, तळणीचा वास ओट्यापर्यंत येत होता. त्यांनी मधे फारसे काही विचारले नाही. शेवटी म्हणाले, ‘‘मास्तर, ते पोराचे कळले. बापाचे काय झाले? नोकरी गेली त्याची?’’

‘‘नाही,’’ मी म्हटले. ‘‘१९९४ पर्यंत त्याच खात्यात होता. तिथूनच निवृत्त झाला. वारला २०११ साली.’’

‘‘म्हणजे मुलगा प्रोफेसर झालेला पाहिला त्याने.’’

‘‘हो, पाहिला.’’

पोस्टमास्तर थोडा वेळ गप्प बसले. मग आत जाऊन सातवीचे ते प्रगतिपुस्तक घेऊन आले. इतकी वर्षे जपून ठेवले होते. माझ्यापुढे उघडून धरले आणि खिशातले पेन काढून दिले. शेऱ्याखाली त्यांची सही होती. हात कापल्याचे तिच्यात दिसत होते. मी चष्मा पुसला आणि शेऱ्यातला स्वल्पविरामानंतरचा भाग खोडून टाकला.